घरात अभंग रेकॉर्ड करताना: खोली, पेटी आणि प्लगइन

आमच्या मजल्यावरच्या काकू कित्येक वर्षं भजनी मंडळात गातात. आषाढीच्या आधी त्यांच्या मुलाने विचारलं, "आईचे तीन अभंग नीट रेकॉर्ड करून द्याल का? मोबाइलवर केलं की सगळं डब्यातून आल्यासारखं वाटतं." माझ्याकडे लॅपटॉप होता, चार माइक जोडता येतील असा ऑडिओ इंटरफेस होता आणि दहा बाय बाराची मधली खोली होती. तीन रविवार लागले. ते तीन रविवार समोर ठेवूनच हा लेख लिहितोय, कारण घरच्या रेकॉर्डिंगबद्दल मराठीत विचारणारे पुष्कळ भेटतात आणि त्यांच्यातल्या बहुतेकांना गायचं असतं ते आपलंच गाणं: अभंग, भावगीत, एखादी बंदिश.

इथेच खरी अडचण सुरू होते. सॉफ्टवेअर आपल्या हातात येतं ते दुसऱ्याच संगीतासाठी लावलेलं. नवा प्रोजेक्ट उघडला की बहुतेक ठिकाणी लय मिनिटाला १२० आणि चार-चार मात्रांच्या चौकटी आधीच आखलेल्या असतात. सूर दुरुस्त करणारं प्लगइन (सॉफ्टवेअरमध्ये घालता येणारं छोटं यंत्र) सप्तकाचे बारा समान तुकडे गृहीत धरतं. आवाज स्वच्छ करणारं प्लगइन सतत चालणाऱ्या आवाजाला कचरा समजतं, मग तो तानपुरा का असेना. ही साधनं वाईट नाहीत. मी ती रोज वापरतो आणि ती नसती तर काकूंचा आवाज इतका नीट टिपला गेला नसता. फक्त कुठलं बटण कशासाठी आहे हे आधी समजून घ्यायला हवं.

कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं यावर लोक महिने घालवतात, म्हणून ते दोन ओळींत संपवतो. अ‍ॅपलचा संगणक असेल तर गॅरेजबँड फुकट आहे. विंडोजवर रीपर ६० दिवस वापरून बघता येतं आणि घरगुती वापराचा परवाना ६० डॉलरला मिळतो. क्यूबेस, लॉजिक, एबलटन, एफएल स्टुडिओ, सगळ्यांत आवाज आत घेणं, कापणं-जोडणं आणि मिसळणं सारखंच होतं. जे शेजारच्या मित्राला येतं ते घ्या, अडलात तर विचारता येईल.

खोली

खोलीबद्दलचा इंटरनेटवरचा बराचसा सल्ला लाकडी भिंतींच्या आणि गालिचे अंथरलेल्या घरांतून आलेला आहे. आपल्या खोल्या तशा नसतात. खाली फरशी, वर स्लॅब, चारी बाजूंना गिलावा. मधोमध उभं राहून एक कडक टाळी वाजवा. टाळीच्या मागे 'टर्रर्र' असा बारीक आवाज रेंगाळला, तर समोरासमोरच्या दोन भिंती तो एकमेकींकडे फेकताहेत असं समजा. हा रेंगाळणारा आवाज एकदा माइकमध्ये शिरला की नंतर काढता येत नाही. काढणारी प्लगइन आहेत, पण ती गळ्याचा कसही थोडा सोबत घेऊन जातात.

यावर लोक इंचभर जाडीचा, अंड्यांच्या ट्रेसारखा दिसणारा फोम आणून भिंतीला चिकटवतात. तो का पुरत नाही ते साध्या हिशेबाने कळतं. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे १००० हर्ट्झच्या सुराची एक लाट ३४ सेंटिमीटर लांब असते. शोषणारी वस्तू लाटेच्या पाव लांबीइतकी जाड असली की ती लाट चांगली शोषली जाते, असा ढोबळ नियम आहे. म्हणजे १००० हर्ट्झसाठी साडेआठ सेंटिमीटर. इंचभर फोम फक्त वरचे तीक्ष्ण आवाज खातो आणि मधला घुमारा तसाच सोडतो. 'डब्यातून आल्यासारखं' जे वाटतं ते नेमकं याचमुळे. आपल्या घरातली चार इंची कापसाची गादी या फोमपेक्षा कितीतरी चांगलं काम करते. ती भिंतीपासून वीतभर पुढे उभी केली तर अजून खालचे सूरही शोषते.

गादी उभी कुठे करायची, यात मात्र जवळजवळ सगळे चुकतात. माइकच्या मागे लावतात. घरी वापरले जाणारे बहुतेक माइक समोरून ऐकतात आणि पाठीमागून जवळजवळ बहिरे असतात. म्हणजे माइकला दिसते ती गाणाऱ्याच्या पाठीमागची भिंत. गादी तिथे हवी. काकूंच्या मागे आम्ही दोन गाद्या कपाटाला टेकवून उभ्या केल्या, एका बाजूच्या दोरीवर गोधडी टाकली, खाली सतरंजी आणि तिच्यावर चादर. पुन्हा टाळी वाजवली, तर नुसती टाळीच ऐकू आली.

दुसरी गोष्ट अंतराची. माइकचं अंतर निम्मं केलं की गळ्याचा आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो. खोलीतला घुमारा मात्र आहे तेवढाच राहतो. चाळीस सेंटिमीटरवरून वीसवर आलात तर खर्च न करता खोली निम्म्याने शांत झाली. पण वितीपेक्षाही आत शिरलात तर खर्ज उगाच फुगतो. या प्रकारच्या माइकचा तो स्वभावच आहे. काकू पेटी वाजवत गातात, त्यामुळे त्यांची मान हलते. शेवटी एक वीत आणि चार बोटं हे अंतर ठरलं, माइक तोंडाच्या किंचित वर आणि खाली झुकवलेला, म्हणजे 'प', 'फ', 'भ'चा वारा थेट त्याच्यावर येत नाही.

माइक कंडेन्सर घ्यावा की डायनॅमिक, हेही नेहमी विचारलं जातं. कंडेन्सर बारकावे जास्त टिपतो आणि त्याला इंटरफेसमधून ४८ व्होल्ट द्यावे लागतात. डायनॅमिक माइक बाहेरचा गोंगाट कमी घेतो असं म्हणतात, ते अर्धवट खरं आहे. मंचावर सर्वत्र दिसणारा शुअरचा एसएम-५८ हा १९६६ पासूनचा माइक गोंगाट कमी घेतो, कारण आपण तो ओठांशी धरतो. तोच दोन फुटांवर ठेवून बघा, रिक्षाचे हॉर्न त्यालाही ऐकू येतात. आमच्याकडे गळ्याला कंडेन्सर होता, म्हणून पंखा बंद, फ्रिज बंद, आणि दुपारी दोन ते चार ही वेळ, जेव्हा वरच्या मजल्यावर कुकर लागत नाही.

आवाजाचे आकडे

इंटरफेस काय करतो? माइकमधून येणारा विजेचा हेलकावा तो सेकंदाला हजारो वेळा मोजतो आणि आकडे लिहून ठेवतो. ४४,१०० वेळा मोजलं तर त्याच्या निम्म्याच्या थोडं खालपर्यंत, म्हणजे २० हजार हर्ट्झच्या पुढपर्यंतचे सूर नीट परत मिळवता येतात, आणि माणसाचा कान त्याच्या पलीकडे जात नाही. सीडीसाठी हाच आकडा ठरला. व्हिडिओबरोबर ४८,००० वापरतात. काकूंच्या मुलाला व्हिडिओ करायचा होता म्हणून आम्ही ४८,००० घेतलं. ९६ हजारांच्या मागे लागू नका, घरच्या अभंगात त्याने फक्त हार्ड डिस्क भरते.

हा आकडा सगळीकडे एकच ठेवा. काही वर्षांपूर्वी मी एका कीर्तनाचं ४८,००० वर केलेलं रेकॉर्डिंग ४४,१०० च्या प्रोजेक्टमध्ये तसंच घातलं, रूपांतर न होता. चार मिनिटांचा गजर चार मिनिटं एकवीस सेकंदांचा झाला आणि काळी चारचं गाणं पांढरी पाचच्याही खाली घसरलं. बुवांचा आवाज झोपेतून उठल्यासारखा. माझा पहिला तास पेटी उतरली की काय हे शोधण्यात गेला.

दुसरा आकडा बिटचा, म्हणजे प्रत्येक मोजमाप किती बारकाईने लिहायचं याचा. सोळा बिटमध्ये सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजात सुमारे ९६ डेसिबलची जागा मिळते, चोवीस बिटमध्ये कागदावर १४४. याचा व्यवहारातला अर्थ एवढाच की पातळी वर चढवून लाल दिव्यापर्यंत न्यायची गरज उरली नाही. कॅसेटच्या काळात हळू रेकॉर्ड केलं की फुस्स ऐकू यायची, म्हणून पातळी वर ठेवण्याची सवय लागली. आता काकूंचा सर्वांत चढा आलाप उणे १० डेसिबलपाशी थांबेल इतकी पातळी ठेवा आणि बटण सोडून द्या. शून्यावर गेलेला सूर कापला जातो, तो परत जोडता येत नाही. टाळांच्या बाबतीत तर अजून खाली ठेवा. टाळ आपटताच पहिल्या क्षणी जो ठिणगीसारखा झटका येतो, तो मीटरच्या काट्याला दिसेपर्यंत होऊनही गेलेला असतो. टाळ आम्ही नंतर वेगळे घेतले, माइकपासून पाच फुटांवर उभं राहून.

लय आणि उशीर

तबला दिवाणखान्यात, काकू आणि पेटी मधल्या खोलीत, दोघांच्या कानांवर हेडफोन, मध्ये दाराखालून गेलेली लांब वायर. एकाच खोलीत बसवलं असतं तर चाटीचा (तबल्याच्या कडेचा) आवाज गळ्याच्या माइकमध्ये गेला असता. वेगवेगळ्या दिवशी घेतलं असतं तर अभंगाचा जीव गेला असता, कारण दुसऱ्या चरणाला काकू ज्या सहजतेने लय पुढे नेतात ती तबलजीने त्याच क्षणी ऐकायला हवी.

आता हेडफोनमधला उशीर. संगणक आकडे एकेक करून घेत नाही, टोपली भरली की उचलतो. या टोपलीला बफर म्हणतात. टोपली १०२४ आकड्यांची असेल, तर ४८,००० च्या वेगाने ती भरायला २१ मिलिसेकंद लागतात, आणि परत जाताना तेवढेच. एकूण ४२-४३ मिलिसेकंद. या वेळात आवाज हवेतून साडेचौदा मीटर जातो. म्हणजे तबलजी सभागृहाच्या दुसऱ्या टोकाला बसलाय आणि तुम्ही त्याच्याबरोबर सम पकडताय. टोपली १२८ ची केली की हे अंतर दोन मीटरच्या आत येतं, मैफलीत बसतात तितकं. रेकॉर्ड करताना १२८, मिसळताना १०२४, कारण तेव्हा उशीर झाला तरी बिघडत नाही आणि प्लगइनना दम मिळतो. बहुतेक इंटरफेसवर 'डायरेक्ट' असं एक बटण असतं, ते दाबलं की माइकचा आवाज संगणकात न फिरता थेट हेडफोनला येतो. ते असेल तर वापराच.

मेट्रोनोम मी बंद ठेवला. भजनी ठेक्याचा अभंग पहिल्या ओळीला रेंगाळतो आणि शेवटच्या गजराला धावतो. चौकटीला चिकटवणारी सोय, तिला क्वांटाइझ म्हणतात, ती तबल्याला लावली की प्रत्येक बोल जागच्या जागी बसतो आणि तबलजी निघून जातो. ज्यांना पुढे गिटार, ड्रम वगैरे घालायचे आहेत त्यांनी गाणं झाल्यावर समेच्या जागा खुणा करून चौकटच गाण्यावर बसवावी. ती सोय प्रत्येक चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये आहे.

सुराचं काय

इथे मला थोडं थांबायचंय.

तानपुरा मोबाइलच्या अ‍ॅपवरचा होता, काळी चारला लावलेला. अ‍ॅपचा मूळ मानदंड ४४० हर्ट्झचा धैवत, म्हणजे पांढरी सहा. पेटी काकूंच्या सासऱ्यांची. दोन्ही एकत्र वाजवल्यावर षड्जात एक हेलकावा ऐकू येत होता, जवळजवळ सेकंदाला एक, झोपाळ्यासारखा. मोजलं तर पेटी ४४२ वर निघाली. काळी चारचा षड्ज ४४० च्या हिशेबाने २०७.६५ हर्ट्झ, पेटीचा २०८.६. फरक एका हर्ट्झच्या आसपास, म्हणून सेकंदाला एक हेलकावा. पेटी जागेवर बसून उतरवता येत नाही, अ‍ॅप चढवता येतं. अ‍ॅप ४४२ वर नेताच झोपाळा थांबला. पाच मिनिटांचं काम, पण रेकॉर्डिंगच्या आधी केलं तरच. नंतर गळा पेटीत एकजीव झाल्यावर काही करता येत नाही.

मग प्रश्न आला सूर दुरुस्त करण्याचा. ऑटो-ट्यून हे प्लगइन १९९७ चं. ते करणारे अँडी हिल्डेब्रँड त्याआधी जमिनीखालचं तेल शोधण्यासाठी भूकंपलहरींच्या नोंदी तपासायचे. जमिनीत सोडलेल्या लहरींच्या पुनरावृत्तीतून अर्थ काढायचं गणित त्यांनी गळ्याच्या लहरींना लावलं. प्लगइन दर क्षणी विचारतं, हा सूर बारांपैकी कुणाच्या जवळ आहे? आणि त्याला तिकडे ओढतं. किती झटकन ओढायचं याचं एक बटण असतं. ते टोकाला नेलं की गंधारावरून रिषभावर उतरणारी मींड जिन्याच्या पायऱ्या होते.

मींड जाते हे सगळ्यांना ऐकू येतं. स्थिर सुराला काय होतं ते चटकन कळत नाही. बारा समान तुकड्यांच्या पट्टीत शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर असतो, एक सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग. तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गंधार उमटतो तो ३८६ सेंटवर असतो, कारण तो तारेच्या कंपनाचा पाचवा पट आहे, कुणी लावलेला नाही. चांगला गाणारा माणूस गंधारावर थांबला की नकळत त्या ३८६ कडे झुकतो आणि सूर 'लागतो'. प्लगइन त्याला चौदा सेंट वर ओढतं, पडद्यावर हिरवी खूण दाखवतं, आणि गळा व तानपुरा यांच्यात हेलकावे सुरू होतात. जो सूर लागला होता, तो यंत्राने काढून टाकला.

पेटीही याच पट्टीची आहे, हे खरंच. म्हणून तर १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली आणि ती तीन दशकं टिकली. त्याच्याही आधी, १९१० मध्ये, सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी बावीस श्रुतींचं गणित मांडणारं पुस्तक लिहिलं होतं. हा वाद आपल्याकडे शंभर वर्षं जुना आहे, आणि त्यात काही जण पेटीच्या बाजूचेही होते. भजनात पेटी आपली झाली आहे आणि मला ती प्रिय आहे. पण पेटीवर ओळ संपवून गाणारी बाई लांब आकार घेते तेव्हा तिचा कान तानपुऱ्याकडे असतो. त्या आकाराला मी हात लावत नाही. काकूंच्या तीन अभंगांत मी फक्त दोन जागी, हाताने, एकेका अक्षराचा सूर किंचित वर घेतला. तिथे त्यांना खोकला येत होता.

तानपुऱ्याला दुसरा धोका आहे तो गोंगाट काढणाऱ्या प्लगइनचा. त्याला आधी नुसत्या शांततेचा नमुना ऐकवायचा असतो, मग जे सतत तसंच वाजतंय ते तो वजा करतो. त्या शांततेत तानपुरा चालू असेल तर तोच वजा होतो, आणि बोलण्याचे आवाज ऐकून शिकलेली नवी प्लगइन तर विचारतही नाहीत. म्हणून तानपुरा नेहमी स्वतंत्र ट्रॅकवर, गाणाऱ्याला हेडफोनमधून, आणि सुरुवातीला वीस सेकंद कुणीही न हलता निव्वळ खोलीचं रेकॉर्डिंग. तबल्यावर हे प्लगइन लावूच नका. शाईमुळे तबल्याचे उपस्वर तारेसारखे सुरात जुळतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये दाखवून दिलं होतं. तीच आस, म्हणजे बोलामागे रेंगाळणारा सूर, यंत्राला गुणगुण वाटते.

मिसळणं

 पूर्वी ही प्लगइन लोखंडी पेट्यांच्या रूपात कपाटभर असायची. १९९६ मध्ये श्टाइनबर्ग या जर्मन कंपनीने व्हीएसटी नावाची पद्धत आणली आणि कुणीही प्लगइन लिहावं, कुणीही वापरावं अशी वाट मोकळी झाली. शेकडो फुकट मिळतात. चोरून फोडलेली कधीही घेऊ नका, त्यांच्याबरोबर संगणकात काय काय येतं याचा भरवसा नाही. सॉफ्टवेअरबरोबर येणारी चार पुरतात: ईक्यू (खर्ज आणि तीक्ष्ण सुरांचा तोल बदलणारं), कंप्रेसर, रिव्हर्ब (घुमारा देणारं), लिमिटर (आवाजाची टोकं अडवणारं).

कंप्रेसर समजून घेण्यासारखा आहे. रेडिओच्या आवाजाच्या बटणावर हात ठेवून बसलेला माणूस अशी कल्पना करा. त्याला सांगितलंय की आवाज उणे २० च्या वर गेला की जेवढा वर गेला त्याचा तिसरा हिस्साच ठेव. काकूंनी 'विठ्ठला' म्हणून उणे ११ पर्यंत हाक दिली, म्हणजे ९ डेसिबल वर. तो तीनच ठेवतो, हाक उणे १७ वर येते. मग एकूण पातळी वाढवली की हळू म्हटलेले शब्दही ऐकू येतात. अभंगात शब्द ऐकू यायलाच हवेत, म्हणून गळ्याला कंप्रेसर हवा.

तबल्याला मात्र त्या माणसाची चपळाई घातक ठरते. तो किती चटकन बटण फिरवतो याला अटॅक म्हणतात. एक मिलिसेकंद ठेवलंत तर 'ना' वाजताच त्याने आवाज दाबलेला असतो, चाटीवरचं बोट ऐकूच येत नाही आणि उरते ती नुसती आस. पंचवीस-तीस मिलिसेकंद दिले तर बोट सुटून जातं आणि मागचा घुमारा तेवढा सावरला जातो. पुस्तकात वाचू नका, कानाने करून बघा. एकच आवर्तन फिरतं ठेवा आणि बटण एकपासून तीसपर्यंत हळूहळू न्या. कुठल्या आकड्याला तबलजीची बोटं परत येतात ते स्पष्ट कळेल.

ईक्यूने गळ्यातलं ८० हर्ट्झच्या खालचं काढून टाका, तिथे फक्त पावलं आणि दूरचा ट्रक असतो. डबा वाजत असेल तर ३०० ते ५०० च्या दरम्यान थोडं कमी करा. पेटी आणि गळा एकाच पट्ट्यात भांडतात, त्यात पेटीने मागे सरायचं: पेटीचं हजार ते तीन हजार हर्ट्झ दोन-तीन डेसिबलने खाली, आणि पेटी थोडी डावीकडे, तबला थोडा उजवीकडे. रिव्हर्बबद्दल एकच आग्रह: देवळाचा सभामंडप ऐकवायचा असेल तरी शब्दानंतर तीस मिलिसेकंद थांबून तो सुरू करा, आणि त्यातला खर्ज काढा. नाहीतर 'पांडुरंग' या एका शब्दातली चारही अक्षरं एकमेकांवर सांडतात.

शेवटचा हात

मास्टरिंगभोवती फार गूढ निर्माण केलं गेलंय. तबकडीच्या काळात तो शब्द अगदी ठोस होता: टेपवरचं गाणं तबकडीवर कोरणाऱ्या यंत्रावर नेणं. खर्ज जास्त झाला तर सुई उडायची, 'स' तीक्ष्ण झाला तर खाच नीट कोरली जायची नाही, म्हणून कोरण्याआधी कुणीतरी जाणकार तोल सावरायचा. आज खाच नाही, पण काम तेच: तिन्ही अभंग एका मापाचे वाटले पाहिजेत आणि जिथे वाजतील तिथे नीट वाजले पाहिजेत.

मोठेपणाचा हिशेब इथे कळीचा. पूर्वी ज्याची फीत जोरात तो उठून दिसायचा, म्हणून सगळे लिमिटरने गाणं ठासून भरायचे. आता ऐकवणाऱ्या सेवा कानाला जाणवणारी सरासरी पातळी मोजतात. तिचं एकक एलयूएफएस, मोजण्याची पद्धत २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने ठरवली. स्पॉटिफाय सगळं उणे १४ च्या आसपास आणतं, अ‍ॅपल म्युझिक उणे १६ च्या. तुम्ही अभंग ठासून उणे ८ केलात तर स्पॉटिफाय तो सहा डेसिबल खाली ओढतं. शेजारच्या गाण्यापेक्षा तो मोठा तर झालाच नाही, वर ठासताना तबल्याची बोटं चिरडली ती चिरडलीच. मी भजनाला उणे १६ ते उणे १४ च्या मध्ये थांबतो आणि सर्वांत उंच टोक उणे १ डेसिबलवर ठेवतो. ती एक डेसिबलची जागा एमपी-थ्री करताना लागते, कारण दाबून लहान केलेल्या फाइलमध्ये टोकं मूळ जागेपेक्षा थोडी वर उसळतात.

दुसऱ्या रविवारी रात्री सगळं झालं असं वाटलं. काकूंनी स्वयंपाकघरात मोबाइल डब्याला टेकवून ऐकलं आणि म्हणाल्या, "डग्गा वाजवलाच नाही का त्याने?" हेडफोनमध्ये डग्गा भरदार होता. मोबाइलच्या इवल्या स्पीकरला ३०० हर्ट्झच्या खालचं फारसं वाजवताच येत नाही आणि डग्ग्याचा मूळ सूर ८० च्या आसपास. पातळी वाढवून उपयोग नव्हता, जे वाजतच नाही ते वाढवून काय होणार? अशा वेळी सॅच्युरेशन नावाचं प्लगइन कामी येतं. ते आवाजाला किंचित खरखरीत करून त्याचे पट जोडतं: १६०, २४०, ३२०, ४००. मोबाइल वरचे पट वाजवतो, आणि त्यांच्यातलं अंतर ऐकून मेंदू हरवलेला ८० स्वतःच भरून काढतो. अगदी थोडं लावलं, हेडफोनमध्ये फरक जेमतेम कळेल इतकं. तिसऱ्या रविवारी पुन्हा तोच मोबाइल, तोच डबा, आणि डग्ग्यावरचा घिस्सा स्पष्ट ऐकू आला.

शेवटी दोन फाइल दिल्या. एक ४८,००० आणि चोवीस बिटची वेव्ह, व्हिडिओसाठी. एक सेकंदाला ३२० किलोबिटची एमपी-थ्री, मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटासाठी, डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगून. कच्चे ट्रॅक, कसलंही प्लगइन न लावलेले, दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवले, आणि प्रोजेक्टच्या टिपणात लिहून ठेवलं: पेटी काळी चार, ४४२. माइक एक वीत चार बोटं. गाद्या पाठीमागे. कार्तिकीच्या आधी काकूंना गौळण करायची आहे.